एजंट न घेता नाशिकमधला फ्लॅट विकायचाय, कुणी केलंय का?

इंदिरानगरकर

नमस्कार मंडळी. आमचा इंदिरानगरला टू बीएचके आहे, जॉगिंग ट्रॅकपासून चालत पाच मिनिटं, तिसरा मजला, लिफ्ट आहे, कव्हर्ड पार्किंग आहे. बाबांनी 2009 मध्ये घेतला, साधारण 17 लाखाला, आई बाबा दोघांच्या नावावर. बाबा 2021 मध्ये गेले. मी पुण्यात असतो, आई आता एकटी राहायला नको म्हणतेय म्हणून फ्लॅट विकून पुण्यात आमच्याजवळच तिच्यासाठी काहीतरी घ्यायचं असं चाललंय. लोन वगैरे काही नाही, ते बाबांनीच फेडलं होतं.

दोन एजंट येऊन गेले, दोघंही 2 टक्के म्हणतायत, म्हणजे 50 लाख धरले तरी लाखभर रुपये, आणि एकाने तर आईला घाबरवून ठेवलं की काकू तुम्हाला हे एकटीला झेपणार नाही, कागदांत अडकाल. दुसरा म्हणतो आत्ता विकू नका, सिंहस्थ होऊ द्या 2027 चा, मग बघा भाव. मग लगेच तोच म्हणतो माझ्याकडे पार्टी तयार आहे 44 ला. आता यातलं खरं काय धरायचं?

स्वतः विकलाय का कुणी? गिऱ्हाईक कुठून आणायचं आणि भाव कसा ठरवायचा, कागद काय काय लागतात? आई घरात एकटी असते त्यामुळे येणारेजाणारे हाही एक प्रश्न आहेच.

रिटायर्ड सातपूरकर

मी विकलाय. 2023 ला, अशोकनगरचा. एजंट नव्हता.

पहिलं म्हणजे भाव. शेजारचे काय म्हणतात ते सोडून दे, शेजारी नेहमी त्यांच्या स्वप्नातला भाव सांगतात कारण त्यांचाही फ्लॅट त्याच बिल्डिंगमध्ये असतो. आयजीआर महाराष्ट्राच्या, म्हणजे सरकारी नोंदणी खात्याच्या, साइटवर ई-सर्च आहे, फुकट आहे, त्यात नाशिक, तुमचं गाव आणि सर्व्हे नंबर टाकला की त्या जागेवरचे नोंदवलेले दस्त दिसतात. इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा, तो उघड. वर एका ओळीत मोबदला लिहिलेला असतो, त्याच्या खाली बाजारभाव. मोबदला म्हणजे खरेदीदाराने दिलेली रक्कम, बाजारभाव म्हणजे सरकारी रेडी रेकनरचा आकडा. तुमच्याच बिल्डिंगमधला किंवा शेजारच्या बिल्डिंगमधला गेल्या वर्षा दोन वर्षातला दस्त सापडला तर एजंटला विचारायची गरजच नाही. फक्त एक बघ, दोन्ही आकडे अगदी चिकटून असतील तर बाकीची रक्कम कॅशमध्ये गेली असण्याची दाट शक्यता, तो दस्त भावासाठी धरू नको.

क्षेत्रफळही बघून घे. 2009 च्या करारात बिल्टअप लिहिलेलं असणार, आताचे लोक कार्पेट विचारतात, टेप घेऊन खोल्या मोजून ठेव म्हणजे फोनवर अडखळायला होत नाही.

गिऱ्हाईक. 99 एकर्स आणि मॅजिकब्रिक्सवर जाहिरात टाक, ओनर म्हणून टाकलं तरी पहिले आठ दिवस फोन फक्त एजंटचेच येतील आणि त्यातले निम्मे मी स्वतःसाठीच बघतोय असंच म्हणतील. एक साधा प्रश्न विचारायचा, सध्या कुठे राहता आणि नोकरी कुठे? खरा माणूस पटकन सांगतो, अंबडला अमुक कंपनीत, सध्या पाथर्डी फाट्याला भाड्याने. एजंट घोळ घालतो, म्हणतो माझ्या मेव्हण्यासाठी बघतोय.

पण माझं गिऱ्हाईक साइटवरून आलंच नाही. कंपनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून आलं. तुझे बाबा कुठे नोकरीला होते? एचएएल, नोटांचा प्रेस, महिंद्रा, बॉश, जिथे असतील तिथल्या जुन्या लोकांना पाठव. आणि एक गोष्ट एजंट सांगणार नाही, निफाड दिंडोरीकडचे द्राक्षवाले पोरांच्या शिक्षणासाठी नाशिकमध्ये फ्लॅट घेतात, हंगामाचे पैसे हातात आले की मार्च एप्रिलनंतर बघायला येतात, आणि त्यांच्यात लोनची भानगड कमी असते. गावाकडे कुणी ओळखीचं असेल तर त्यांच्या कानावर घाल. पितृपक्षात मात्र फोनची वाट बघत बसू नको, चिटपाखरू येत नाही.

सिंहस्थाचं म्हणशील तर रस्ते होतील, रिंगरोड होईल, मान्य, पण त्याने तुझ्या पंधरा सोळा वर्षं जुन्या बिल्डिंगचा तिसरा मजला काय सोन्याचा होणार आहे का.

कागदपत्रवाली

मी वकिलांच्या ऑफिसला काम करते, दस्तांचंच काम. गिऱ्हाईक मिळेल हो, तुमचा खरा प्रश्न दुसराच आहे. बाबा गेले 2021 ला असं तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. थोडं विचारते:

तुमची बिल्डिंग सोसायटी आहे का अपार्टमेंट? तुम्हाला भावंडं किती? बाबांची आई, म्हणजे तुमची आजी, बाबा गेले तेव्हा हयात होती का? बाबांनी मृत्युपत्र केलं होतं का?

इंदिरानगरकर

ताई, चेअरमन काकांना फोन करून विचारलं, ते म्हणाले आपलं अपार्टमेंट आहे, शेअर सर्टिफिकेट नसतं आपल्याकडे. फाइलमध्ये बिल्डरबरोबरचं साठेखत (खरेदीखताच्या आधीचा करार) आहे आणि डीड ऑफ अपार्टमेंट म्हणून एक आहे. आम्ही दोघं, मी आणि मोठी बहीण, ताई अमेरिकेत असते. आजी बाबांच्या आधीच गेली. मृत्युपत्र नाही. पण घरपट्टी आता आईच्या नावावर आहे, ती तेव्हाच करून घेतली होती, मग आईच मालक ना?

कागदपत्रवाली

नाही. घरपट्टीवर नाव म्हणजे महापालिकेने बिल कुणाला पाठवायचं एवढंच. त्याने मालकी होत नाही, लाइट बिलानेही नाही. सोसायटी असती आणि नॉमिनेशन असतं तरी नॉमिनी म्हणजे मालक नव्हे.

हिशोब असा. फ्लॅट अर्धा आईचा होताच. बाबांच्या अर्ध्यात आई, तुम्ही, ताई असे तीन सारखे वारस. म्हणजे आईचे दोन तृतीयांश, तुमचा एक षष्ठांश, ताईंचा एक षष्ठांश. आजीचं एवढ्यासाठी विचारलं की हिंदू वारसा कायद्यात आई ही पहिल्या वर्गातली वारस आहे, ती हयात असती तर तिचाही हिस्सा लागला असता आणि ती नंतर गेली असती तर तिच्या मागे तुमचे काका आत्या सगळेच आले असते. ते तुमचं टळलं.

आता दोन रस्ते. एक, खरेदीखतात आई, तुम्ही, ताई तिघंही लिहून देणार, म्हणजे विकणारे, म्हणून सही करा. दुसरा, तुम्ही दोघं भावंडं आईच्या लाभात नोंदणीकृत हक्कसोड पत्र करून द्या आणि मग आई एकटी विकेल. तुमच्या केसमध्ये मी दुसराच सांगेन, कारण ताई एनआरआय आहेत. त्या विकणाऱ्यांत आल्या की त्यांच्या हिश्श्यावर खरेदीदाराला एनआरआयच्या नियमाने टीडीएस, म्हणजे रकमेतून आधीच कापून सरकारला भरायचा कर, कापावा लागतो, तो 1 टक्का नसतो, बराच जास्त असतो, त्याची प्रक्रियाही वेगळी, आणि हे ऐकलं की साधं नोकरदार गिऱ्हाईक सरळ दुसरा फ्लॅट बघायला जातं. हक्कसोड मोबदला न घेता घरातल्या घरात असेल तर स्टॅम्प नाममात्र लागतो. फक्त ताईंना नीट समजावून सांगा की हिस्सा सुटतोय, नंतर आईने त्यांना काही द्यायचं ठरवलं तर तो वेगळा विषय.

ताई येणार आहेत का इकडे? नसतील तर तिकडून पॉवर ऑफ ॲटर्नी करून पाठवावी लागेल, ती तिकडे साक्षांकित करून आली की इथे पोचल्यापासून तीन महिन्यांत स्टॅम्प भरून घ्यायची असते. लोक पाकीट कपाटात ठेवून देतात आणि मग धावपळ होते.

बाकी कागद: साठेखत, डीड ऑफ अपार्टमेंट, दोन्हीचे इंडेक्स टू, बाबांचा मृत्यूदाखला, महापालिकेचा पूर्णत्वाचा दाखला, चालू वर्षाची घरपट्टी पाणीपट्टी पावती, लाइट बिल, अपार्टमेंटचं थकबाकी नसल्याचं पत्र. पूर्णत्वाचा दाखला फाइलमध्ये नसेल तर चेअरमनकडे बघा, तिथेही नसेल तर राजीव गांधी भवनात नगररचना विभागात अर्ज करून नक्कल मिळते. हा एक कागद नसला तर खरेदीदाराची बँक तिथेच थांबते. आणि लोन फेडलं म्हणताय तर बँकेचं लोन क्लोजरचं पत्र आणि बोजा (फ्लॅटवरची कर्जाची नोंद) उतरवल्याचा कागद आहे का बघा. खरेदीदाराचा वकील तीस वर्षांचा सर्च, म्हणजे जुन्या नोंदींचा शोध, घेतो, त्यात जुना बोजा दिसला की प्रश्न येतोच.

इंदिरानगरकर

बाप रे. ताई दिवाळीत येतेय पंधरा दिवस, तेव्हाच हक्कसोड करून घेऊ, तिचं काही म्हणणं नाहीये, तीच म्हणत होती आईच्या नावावर कर सगळं. क्लोजरचं पत्र सापडलं. बोजा उतरवल्याचं काही दिसत नाहीये, बँकेत जातो.

प्रॉपर्टी नाशिकरोड

मी याच लाइनमध्ये आहे त्यामुळे मला शिव्या पडणार हे धरून चालतो 🙂 सगळे एजंट म्हणजे फक्त फोन फिरवणारे नसतात. तुमच्या आईकडे महिनाभर दर रविवारी लोक येणार, कुणी नळ सोडून बघणार, कुणी बाथरूमच्या मागच्या भिंतीला हात लावून ओल बघणार, कुणी मोबाइलमध्ये होकायंत्र लावून दार दक्षिणेला आहे म्हणून तीन लाख कमी करा म्हणणार. हे ऐकून घेणं आणि चेहऱ्यावर काही न दाखवणं हेच आमचं काम. मालक स्वतः समोर असला की गिऱ्हाईक मोकळं बोलत नाही, आणि मालकाला घराबद्दल कुणी काही बोललं की राग येतो, तिथेच सौदा फिसकटतो. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

2 टक्के जास्त वाटत असतील तर बोला, दर काही दगडावर कोरलेला नाही. पण एका वेळी पाच एजंटना देऊ नका. तोच फ्लॅट पाच ठिकाणी पाच भावांत दिसतो आणि लोकांना वाटतं घाई आहे, काहीतरी गडबड आहे.

रिटायर्ड सातपूरकर

हे मात्र बरोबर बोलला, पाच ठिकाणी देऊ नको. बाकी होकायंत्रवाले मलाही भेटले, मी त्यांना चहा पाजून पाठवलं.

पोरा, तू रविवारी नाशिकला येत जा आणि सगळ्यांना त्याच दिवशी अकरा ते एकच्या मध्ये बोलव, हॉलमध्ये उजेड असतो आणि एकाला दुसरा दिसतो, त्याचाही उपयोग होतो. मधल्या वारी आईने दार उघडायचं नाही, कुणी इथेच खाली उभा आहे म्हटला तरी नाही. त्या ओलीचं आधीच बघून घे, वॉटरप्रूफिंग करायचं तर कर नाहीतर आधीच सांगून टाक.

गोदाकाठ

ओएलएक्सवर टाकणार असाल तर सावध राहा. माझ्या मामींना फोन आला, मी आर्मीत आहे, देवळाली कॅम्पला बदली झालीय, फोटो बघून फ्लॅट पसंत आहे, टोकन पाठवतो, तुम्ही फक्त हा क्यूआर कोड स्कॅन करा म्हणजे पैसे जमा होतील. ओळखपत्राचा फोटो पण पाठवला व्हॉट्सॲपला, युनिफॉर्ममधला. नाशिकमध्ये देवळालीचं नाव घेतलं की कुणालाही खरं वाटतं. पैसे घ्यायला कधीच काही स्कॅन करावं लागत नाही आणि यूपीआय पिन टाकावा लागत नाही, एवढं आईच्या फोनजवळ कागदावर लिहून चिकटवा. न बघता टोकन देणारा माणूस असतो का कुठे.

आणि कागदांचे फोटो कुणालाही पाठवत बसू नका, बघायला आलेल्याला घरी झेरॉक्स दाखवा. द्यायचीच झाली तर त्यावर आडवं लिहून द्या, फक्त पडताळणीसाठी, तारीख, त्याचं नाव. आधार झाकून.

आकडेमोड

कुणी टॅक्सचं बोललंच नाही. 23 जुलै 2024 च्या आधी घेतलेलं घर असेल तर भारतात राहणाऱ्या माणसाला दोन पर्याय आहेत, सरळ नफ्यावर 12.5 टक्के किंवा महागाईचा इंडेक्स लावून 20 टक्के, जो कमी पडेल तो. लोक 12.5 ऐकून खूश होतात पण जुन्या घराला उलटं असतं. तुमचंच धरा, 17 ला घेतलं, 50 ला विकलं. सरळ नफा 33 लाख, त्याचे 12.5 टक्के म्हणजे चार लाखाच्या वर. इंडेक्स लावला तर 2009-10 चा 148 आणि 2025-26 चा 376, म्हणजे 17 चे होतात 43 लाख 19 हजार, नफा उरतो 6 लाख 81 हजार, 20 टक्क्यांनी 1 लाख 36 हजार. वर सेस. स्टॅम्प ड्युटी, नोंदणी धरली तर अजून कमी होईल. वारसाने आलेल्या हिश्श्याचं थोडं वेगळं निघू शकतं आणि ज्या वर्षी विकाल त्या वर्षीचा इंडेक्स लागेल, ते सीएकडून करून घ्या, हा अंदाज आहे. ताई एनआरआय म्हणून तिला हा 20 चा पर्याय मिळाला नसता, त्यामुळेही हक्कसोड बरं.

पुण्यात घर घेणारच आहात तर तेवढाही लागणार नाही, विकल्यापासून दोन वर्षांत घेतलं पाहिजे, आणि नवीन घर आईच्याच नावावर घ्या, कारण विकणारी आई आहे. तुमच्या नावावर घेऊन आईची सूट मागायला जाल तर वाद होईल. रिटर्न भरायच्या तारखेपर्यंत घर झालं नाही तर पैसे कॅपिटल गेन्स अकाउंटला ठेवावे लागतात, साध्या एफडीत नाही.

भाव पन्नास लाख किंवा वर असेल तर खरेदीदार 1 टक्का टीडीएस कापणार, तो आईच्या पॅनला जमा झाला का बघा. काही लोक त्यासाठी 49 लाख 90 हजार करा म्हणतात. टीडीएस म्हणजे कुठे बुडालेले पैसे नाहीत, रिटर्नमध्ये परत मिळतात, त्यासाठी भाव कमी कशाला करायचा?

आणि कॅश. दहा लाख वरचे कॅशमध्ये देतो म्हणणारा भेटेलच. जमिनीघराच्या व्यवहारात वीस हजार किंवा वर कॅश घेतली तर घेतली तेवढाच दंड होऊ शकतो, घेणाऱ्याला, म्हणजे तुमच्या आईला.

इंदिरानगरकर

सगळ्यांचे खूप आभार, एवढं तर दोन्ही एजंटांनी मिळून सांगितलं नव्हतं. भाव काढला, मागच्या गल्लीतला एक दस्त मिळाला गेल्या वर्षीचा, त्या हिशोबाने 51 सांगायचं ठरवलंय. ही जाहिरात बघा जरा, ग्रुपवर टाकायला केलीय:

"इंदिरानगर, जॉगिंग ट्रॅकजवळ, स्वतःच्या मालकीचा टू बीएचके फ्लॅट विकणे आहे. तिसरा मजला, लिफ्ट, कव्हर्ड पार्किंग, दोन्ही वेळ पाणी. अत्यंत सुंदर, हवेशीर, शुभ वास्तू. बिल्डिंग 2009. कागदपत्रे क्लिअर. एजंट क्षमस्व."

कागदपत्रवाली

अत्यंत सुंदर काढा, सगळेच लिहितात. कार्पेट एरिया टाका, मेंटेनन्स किती ते टाका, भाव टाका. भाव नसला की निम्मे लोक फोन करतात आणि निम्मे करतच नाहीत. "कागदपत्रे क्लिअर" ऐवजी "पूर्णत्वाचा दाखला आहे, बोजा नाही, बँक लोन होईल" असं स्पष्ट लिहा, पण बोजाचा कागद हातात आल्यावर. आणि एक युक्ती, लिहा की महिलेच्या नावावर घेतल्यास स्टॅम्प ड्युटीत 1 टक्का सवलत. ती सरकारचीच आहे, फक्त सगळे खरेदीदार महिलाच असायला हव्यात, नवराबायको दोघांच्या नावावर घेतलं की मिळत नाही. 50 लाखावर 50 हजार वाचतात. नाशिकला स्टॅम्प 6 टक्क्यांच्या आसपास आणि वर नोंदणी फी 30 हजार, हे खरेदीदाराचं ओझं असतं, त्यामुळे त्याला हे वाचून बरं वाटतं.

इंदिरानगरकर

हे माहीतच नव्हतं. शेवटचं एक, पैसे आणि चावी यांचा क्रम कसा ठेवायचा? लोनवाला गिऱ्हाईक असेल तर बँक पैसे नंतर देते म्हणतात.

कागदपत्रवाली

विसार पावती, म्हणजे आगाऊ रकमेची पावती, आधी. रक्कम चेकने किंवा बँकेतून, पावतीत पूर्ण भाव, बाकी रक्कम किती दिवसांत, आणि व्यवहार मोडला तर विसाराचं काय हे तिन्ही लिहायचं, नुसता "टोकन मिळाले" असा व्हॉट्सॲप मेसेज नको. विसार झाल्यावर त्याचा वकील पेपरात जाहीर नोटीस देईल हरकती मागवायला, ती आली की घाबरू नका.

पुढचं त्याच्या बँकेवर आहे. काही बँकांना आधी नोंदणीकृत साठेखत लागतं, मग पैसे, मग खरेदीखत. काही बँका खरेदीखताच्या दिवशीच बँकेचा माणूस डीडी घेऊन दुय्यम निबंधक कार्यालयात पाठवतात. विसार घेतानाच विचारून ठेवा, कोणती बँक आणि त्यांची पद्धत काय. साठेखत केलं तर त्यात ताबा दिला असं लिहू देऊ नका, पूर्ण रक्कम मिळाल्यावर ताबा असंच लिहा. मसुदा त्याचा वकील करेल, तुमच्या वकिलाकडून वाचून घ्या, त्याचे काही हजार जातील, ते वाचवू नका.

नोंदणीच्या दिवशी ओळख द्यायला दोन माणसं न्या, आधार पॅन घेऊन. आईचे ठसे मशीनवर उमटायला वेळ लागतो, वयस्कर माणसांचे बोटांचे ठसे झिजलेले असतात, घाई करू नका. नोंदणीच्या वेळेचं टोकन आधी बुक केलं असलं तरी सर्व्हर पडला की बसून राहावं लागतं, सकाळचा डबा सोबत ठेवा. चावी, मूळ कागद आणि ताबा पावती शेवटचे पैसे आईच्या खात्यात दिसल्यावर, "पाठवलेत, येतील" यावर नाही. आणि त्याच दिवशी मीटरचं रीडिंग फोटो काढून ठेवा.

रिटायर्ड सातपूरकर

डब्यात पुरणपोळी नको, थेपला ने. बाकी सगळं कागदपत्रवाल्या ताईंनी सांगितलंच.